दारांतील कुत्रें आणि फडताळांतील औषध

आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत असें घर विरळाच सांपडेल, कीं ज्याच्या दारांत, ओसरीवर किंवा निदान चुलीच्या उबेला एखादें मुकें जनावर नाहीं. पारनेरच्या माळावर मेंढरांच्या मागें धांवणारें धनगराचें कुत्रें, राहुरी-श्रीरामपूरकडे उसाच्या मळ्यांत वस्तीची राखण करणारें कुत्रें, आणि शहरांत सावेडीच्या बाजूस गळ्यांत पट्टा घालून फिरावयास निघणारें विलायती कुत्रें, हीं तिन्ही एकाच कुळांतलीं. मांजराविषयीं तर बोलावयासच नको. तें कोणाच्या परवानगीनें घरांत येत नाहीं. नामदेव तुपाची वाटी घेऊन कुत्र्यामागें धांवले ही गोष्ट येथील लहान मुलासही ठाऊक असते, आणि दरिद्री लाजराचे फोड चाटणाऱ्या कुत्र्यांची गोष्ट आमच्या ख्रिस्ती घरांतून सांगितली जाते. (त्या कुत्र्यांची दया मोठी खरी, परंतु आपली जखम कुत्र्यास चाटूं देण्याचा परिपाठ मात्र विद्यार्थ्यांनीं तीवरून घेऊं नये.) तेव्हां ह्या सहवासाविरुद्ध एक अक्षरही लिहिण्याचा आमचा हेतु नाहीं, हें आरंभींच सांगून टाकतों.

परंतु ह्या जुन्या सोबतींत अलीकडे एक तिसरा सोबती येऊन बसला आहे. तो डोळ्यांस दिसत नाहीं, भुंकत नाहीं. तो मालकाच्या नाकांतून कुत्र्याच्या कातडीवर आणि कुत्र्याच्या कातडीवरून मालकाच्या मुलाच्या खरचटलेल्या गुडघ्यावर निमूटपणें जातो. तो म्हणजे औषधांस न जुमानणारा जंतु होय. त्याच्या भयानें कांहीं सुशिक्षित घरांतून "आतां कुत्रें नकोच" असा सूर निघूं लागला आहे. आमचें मत निराळें आहे. कुत्र्यास घालवून देण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं. फडताळांत उरलेल्या गोळ्यांची जी अर्धवट पट्टी पडलेली असते, तिला मात्र घरांत थारा देऊं नये.

विद्यार्थ्यांसाठीं मूळ गोष्ट थोडी उलगडून सांगणें अवश्य आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग ह्या स्कॉटिश शास्त्रज्ञानें १९२८ सालीं लंडन येथें एका बुरशीपासून जंतूंस मारणारें द्रव्य निघतें असें पाहिलें, व त्यास पेनिसिलीन असें नांव दिलें. पुढें दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तें औषध म्हणून हातीं आलें. आणि ज्या जखमेनें, ज्या बाळंतरोगानें, ज्या न्युमोनियानें घरचीं माणसें आशा सोडीत, त्यांतून रोगी उठून बसूं लागले. ह्या जातीच्या औषधांस आज आपण प्रतिजैविकें म्हणतों. आपल्या देशांत तीं तयार करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना आमच्या शेजारींच, पुण्याजवळ पिंपरीस, जागतिक आरोग्य संघटना व संयुक्त राष्ट्रांचा बालनिधि यांच्या साहाय्यानें १९५४ सालीं स्थापन झाला. हें औषध स्वस्त झालें, सुलभ झालें, आणि सुलभ वस्तूचें जें व्हावयाचें तेंच त्याचें झालें.

नवलाची गोष्ट अशी, कीं ज्या फ्लेमिंगला ह्या शोधाबद्दल १९४५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, त्यानेंच त्या प्रसंगीं केलेल्या व्याख्यानांत धोक्याची सूचनाही देऊन ठेविली होती. घसा दुखतो म्हणून एखादा गृहस्थ आपल्याच मनानें अपुरें पेनिसिलीन घेतो, त्यानें जंतु मरत नाहींत पण सावध होतात, आणि तेच जंतु पुढें त्याच्या पत्नीचा बळी घेतात, असा एक कल्पित दाखला त्यानें दिला होता. त्या दाखल्यांत नवराबायको होतीं. घरांत कुत्रें नव्हतें. असतें तर जंतूंनीं त्यासही वगळलें नसतें.

जंतु सावध होतात म्हणजे कांहीं शाळेंत जात नाहींत. लाखों जंतूंमध्यें एखादा मूळचाच काटक असतो. योग्य औषध योग्य मापानें मिळालें, तर बहुतेक जंतु मरतात व उरल्यासुरल्यांचा समाचार शरीराचें स्वतःचें बळ घेतें. तेंच औषध नको तेथें किंवा अर्धेंमुर्धें घेतलें, कीं दुबळे तेवढे मरतात, आणि मोकळ्या रानांत काटकांचें पीक तरारून येतें. शिवाय जंतूंपाशीं आणखी एक विद्या आहे. प्लास्मिड नांवाचें जनुकांचें एक चिमुकलें कडें एक जंतु दुसऱ्यास, किंबहुना परजातीच्या जंतूसही, देऊं शकतो. आणि त्या कड्यावर औषधास निष्प्रभ करण्याची युक्ति लिहिलेली असते. परीक्षेच्या वर्गांत एका बाकावरून दुसऱ्या बाकावर चिठ्ठी सरकावी तसाच हा प्रकार. भेद इतकाच, कीं येथें पर्यवेक्षक नाहीं. ती चिठ्ठी माणसाच्या आंतड्यांत लिहिली गेली कीं कुत्र्याच्या, ह्याची जंतूंस पर्वा नसते.

आतां कुत्र्याकडे वळूं. मनुष्याच्या नाकांत व कातडीवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस नांवाचा जंतु राहतो; सुमारें तीन माणसांपैकीं एकाच्या नाकांत तो कांहीं उपद्रव न देतां वस्ती करून असतो, आणि कातडी फाटली कीं गळूं, पू व क्वचित् रक्तदोष उत्पन्न करतो. कुत्र्याच्या कातडीवर त्याचाच एक चुलत भाऊ राहतो. त्याचें नांव स्टॅफिलोकॉकस स्यूडइंटरमीडियस. हें स्वतंत्र नांव त्यास २००५ सालीं मिळालें. मेथिसिलीन नांवाचें औषध १९५९ सालीं आलें, आणि १९६१ सालीं त्यास न जुमानणारा ऑरियस जंतु इंग्लंडांत सांपडल्याचें प्रसिद्धही झालें. ही शर्यत किती चुरशीची आहे, हें ह्या दोन सालांवरून समजावें. तो हट्टी जंतु पुढें घोड्यांत, कुत्र्यांत, मांजरांत आढळूं लागला. आणि तपास करतां बहुधा असें दिसून आलें, कीं कुत्र्यामांजरांतील वाण हा त्या त्या भागांतील रुग्णालयांत माणसांस छळणाराच वाण आहे. म्हणजे बहुतेक वेळां कुत्र्यानें तो घरांत आणिलेला नसतो. घरानें तो कुत्र्यास दिलेला असतो. उलट, कुत्र्याचा जंतु माणसाच्या जखमेंत शिरल्याचीं उदाहरणेंही नमूद आहेत, पण तीं त्या मानानें थोडीं.

आंतड्यांतील जंतूंची कथा ह्याहून गंभीर आहे. कोलिस्टिन हें औषध डॉक्टर लोक अखेरच्या उपायासाठीं राखून ठेवतात. त्यासही निष्फळ करणारें, आणि चिठ्ठीप्रमाणें एका जंतूकडून दुसऱ्याकडे जाणारें एक जनुक चीन देशांत डुकरांत, मांसांत व रोग्यांत सांपडल्याचें २०१५ सालीं जगास कळलें. पुढच्याच वर्षीं त्याच देशांतील ग्वांगझौ शहरांतून वृत्त आलें, कीं पाळीव प्राण्यांच्या दुकानांत काम करणाऱ्या एका रोग्याच्या ई. कोलाय जंतूंत तें जनुक आहे, आणि त्याच दुकानांतील कांहीं कुत्र्यांत व मांजरांतही तें आहे. पोर्तुगाल व इंग्लंड येथेंही एकाच घरांतील माणूस व कुत्रें यांच्या आंतड्यांत सारखेच हट्टी जंतु आढळले आहेत. कोणी कोणास दिलें, हें ठरविणें सोपें नसतें. एका रांजणांतलें पाणी सारें घर पितें, तेथें पहिला पेला कोणाचा हें कसें सांगावें?

२०१९ ह्या एका वर्षांत अशा हट्टी जंतूंमुळें जगांत सुमारें १२ लाख ७० हजार माणसें प्रत्यक्ष दगावलीं, व त्यांतील सुमारें २ लाख ९७ हजार आपल्या देशांतील होतीं, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. हा सारा दोष मुक्या जनावरांच्या माथीं मारणें हा शुद्ध अन्याय होईल. माणसाचें स्वतःचें बेताल औषधसेवन आणि रुग्णालयांतील अस्वच्छता हींच त्यांतील मोठीं कारणें. तथापि आपल्या घरांत जो लहानसा दरवाजा उघडा आहे, तो आपल्यालाच लावतां येतो, म्हणून त्याविषयीं हा लेख.

एका पालकांनीं आम्हांस मोठ्या समाधानानें सांगितलें, कीं त्यांच्या कुत्र्याचा कान वाहूं लागला तेव्हां आजीच्या लघवीच्या दुखण्यांतून उरलेल्या चार कॅप्सूल त्यांनीं भाकरीच्या कुसकऱ्यांत घालून त्यास चारल्या, आणि दोन दिवस कान बरा वाटला. त्या घरांत आजीस मधुमेह, टाचेस भेगा, आणि कुत्रें रात्रीं तिच्याच पायाशीं निजणारें! त्या गृहस्थांस आम्ही निष्काळजी म्हणत नाहीं. जें केलें तें मायेनेंच केलें. शेजारचा मनुष्य तर अशा वेळीं कुत्र्यास धोंडा मारून वाटेस लावता. परंतु कुत्र्याचा कान वाहण्यास पुष्कळदां बुरशी किंवा बारीक किडा कारण असतो, आणि तेथें त्या कॅप्सूलचा कांहींच उपयोग नाहीं. जंतु कारण असले, तरी चार कॅप्सूलनीं दुबळे मरून काटक तेवढे मागें राहतात. आम्हांस खरी चिंता वाटते ती त्या आजीची. उद्यां तिच्या टाचेची भेग चिघळली, आणि त्या घरांत फिरणारा जंतु औषधांस सरावलेला असला, तर डॉक्टरांच्या हातीं काय राहिलें? पाय वांचविणें हें पुष्कळदां एका औषधाच्या गुणावर अवलंबून असतें. तीच गोष्ट बाळंतिणीची, तीच झाडावरून पडून हाड मोडलेल्या मुलाची. शस्त्रक्रिया करणाऱ्या हातामागें हें औषध उभें असतें, म्हणूनच तो हात धैर्यानें चालतो.

आमच्या जिल्ह्यांत गोठ्याचीही एक वाट आहे. दुभत्या गाईची कास सुजून दगडी झाली, कीं तिच्या सडांत औषधाची नळी सोडतात. त्यानंतर ठराविक दिवस तें दूध माणसांनीं पिऊं नये व डेअरींत घालूं नये, हें आतां बहुतेक गवळ्यांस ठाऊक आहे. पण टाकावयाचें कसें, जीव तुटतो. म्हणून तें कुत्र्यामांजरांच्या वाटींत किंवा वासराच्या तोंडीं जातें. म्हणजे थोडें थोडें औषध रोज, रोग नसलेल्या जनावरास! काटक जंतूंचें बी पेरण्याची ह्याहून सोयीची रीत आम्हांस सुचत नाहीं.

येथें कोणी म्हणेल, "मास्तर, हें लिहिणें सोपें आहे. जनावरांचा दवाखाना दूर, एका खेपेंत दिवसाची मजुरी बुडते, आणि कुत्र्यासाठीं कोण पदरमोड करणार? घरांत औषध आहे, तें दिलें." हें म्हणणें खोटें नाहीं, आणि त्यास तुच्छतेनें उत्तर देणें आमच्या स्वभावांत नाहीं. म्हणून आम्ही सगळा बोजा गरिबाच्या खांद्यावर ठेवीत नाहीं. चिठ्ठी न पाहतां गोळ्या हातावर ठेवणारा दुकानदार, सर्दीपडशास प्रतिजैविक लिहून देणारा डॉक्टर आणि सुई टोंचल्यावांचून फी वसूल झाली असें न मानणारा रोगी, हे तिघेही ह्या पापाचे वाटेकरी आहेत. पडसें हें विषाणूंचें काम. त्यावर हें औषध चालत नाहीं, हें डॉक्टरांस काय आम्हीं सांगावें?

कायदा अगदीं झोंपलेला आहे असें नाहीं. २०१३ सालीं औषधांच्या नियमांत एच-१ नांवाचें परिशिष्ट घालण्यांत आलें. त्यांतील औषधें विकतांना दुकानदारानें डॉक्टरांचें नांव, रोग्याचें नांव व औषधाचें परिमाण निराळ्या वहींत लिहून ती वही तीन वर्षें जपून ठेविली पाहिजे. २०१६ पासून अशा औषधांच्या पट्टीवरील तांबड्या रेघेचा अर्थ लोकांस सांगण्याची मोहीम निघाली. ती रेघ म्हणजे "डॉक्टरांवांचून घेऊं नका" अशी खूण. मुलांनो, आज घरीं गेल्यावर पट्टी उलटून पाहा. २०१९ सालीं केंद्र सरकारनें खाद्योपयोगी जनावरें, कोंबड्या, मत्स्यसंवर्धन व पशुखाद्य यांसाठीं कोलिस्टिन बनविण्यास व विकण्यास बंदी केली. त्या आज्ञेंत दारांतल्या कुत्र्याचें नांव मात्र नाहीं. युरोपांत कांहीं निवडक औषधें केवळ माणसांसाठीं राखून ठेविलीं आहेत, आणि तेथें घरच्या कुत्र्यामांजरांसही तीं देतां येत नाहींत. आपल्याकडेंही तसें व्हावें असें आमचें स्पष्ट मत आहे. पण नियमाची वही दुकानांत राहते, आणि उरलेली पट्टी घरांत. तेथपर्यंत कोणताही निरीक्षक येणार नाहीं.

दुष्काळी मुलखांत राहणाऱ्यांस दृष्टांत सुचतो तोही पाण्याचाच. नगर तालुक्यांतील हिवरे बाजार ह्या गांवाचें नांव आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. त्या गांवानें शेतीसाठीं विंधनविहिरी न घेण्याचा, फार पाणी पिणारीं पिकें न लावण्याचा, आणि दरवर्षीं पावसाचें माप पाहून पाण्याचा ताळेबंद गांवापुढें मांडण्याचा नियम केला, व तो पाळला. त्यामागील विचार असा: विहीर माझ्या शेतांत असली तरी तिच्या तळाचें पाणी माझ्या एकट्याचें नव्हे, मी वाटेल तसें उपसलें, तर शेजाऱ्याचा आड आटतो. औषधाचा गुण हाही असाच आहे. पट्टी आम्हीं पैसे देऊन घेतली, म्हणून ती आमची. पण तिच्यांतला गुण साऱ्या गांवाचा, आणि त्या गांवांत आजी, गाय, कुत्रें, मांजर सर्व आलीं. मग पाण्याचा ताळेबंद होतो, तर औषधाचा कां होऊं नये?

ह्यासाठीं मोठी पदवी लागत नाहीं. जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे ह्या ख्रिस्ती दांपत्यानें १९७० सालीं ग्रामीण आरोग्याचें काम सुरू केलें, आणि खेड्यापाड्यांतील, पुष्कळशा निरक्षर, स्त्रियांस आरोग्यसेविका म्हणून तयार केलें. कोणता ताप घरीं सांभाळावा व कोणता तांतडीनें दवाखान्यांत न्यावा, हें जर त्या शिकूं शकल्या, तर केव्हां औषध द्यावयाचें नाहीं हें आमच्या नववीच्या विद्यार्थ्यास शिकतां येणार नाहीं, असें मानण्यास आम्ही तयार नाहीं.

पालकांस कांहीं साध्या गोष्टी सुचवितों. कुत्र्यामांजरास हात लावल्यावर जेवणापूर्वीं साबणानें हात धुवावे. घरांत कोणास उघडी जखम असेल तर ती झांकावी, व त्या दिवसांत जनावरास अंथरुणापासून दूर ठेवावें. इस्पितळांतून कोणी नुकतेंच घरीं आलें असेल, तर ती गोष्ट पशुवैद्यांस सांगावी. आणि कुत्र्याची कातडी पुनः पुन्हां चिघळत असेल, तर ती आपल्या डॉक्टरांस सांगावी. खरें पाहतां दोघांनीं आपण होऊन हा प्रश्न विचारला पाहिजे. त्यास पैसा पडत नाहीं. दुखणें हटेनासें झालें तर नवें औषध मागण्याऐवजीं पुवाची किंवा लघवीची जंतुपरीक्षा करावी. औषध सांगितलें तितकेच दिवस द्यावें, कमी नाहीं आणि जास्तही नाहीं. माणसाची कोणतीच गोळी मनानें जनावरास देऊं नये. तापाची साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराच्या जिवावर बेतते, हें फार थोड्यांस ठाऊक असतें. कुत्रें चावलें तर हीं जंतुनाशक औषधें पिसाळ रोगावर चालत नाहींत. जखम साबण व वाहत्या पाण्यानें १५ मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं लशीसाठीं दवाखाना गांठावा.

येत्या जूनपासून आमच्या नववीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानें घरीं औषधाची एक वही ठेवावी, असें आम्हीं योजिलें आहे. रकाने पांच: कोणास दिलें (येथें गाय, कुत्रें, मांजर यांचींही नांवें लिहावीं, टिप्या असो कीं मोती), कोणी सांगितलें, कोणतें औषध व त्यावर तांबडी रेघ आहे कीं नाहीं, किती दिवस, आणि उरल्या किती. शेवटच्या रकान्यांत शून्याखेरीज दुसरा आंकडा आला, तर त्या गोळ्या उकिरड्यावर किंवा ओढ्यांत न टाकतां त्यांचें काय करावें हें औषधाच्या दुकानांत वा आरोग्य केंद्रांत जाऊन विचारावें. वहीवर पालकांची सही दर महिन्याच्या पहिल्या सोमवारीं पाहिली जाईल. ज्यांच्या घरीं जनावर नाहीं, त्यांनींही वही ठेवावयाची आहे. मांजर केव्हां येईल याचा नेम नसतो.